पंचायतीपासून पाड्यापर्यंत : आदिवासी मुलखातील ब्रॉडबँडचे नियोजन

शासनाचे दफ्तर जेव्हा सर्वस्वी कागदाचे होते, तेव्हाही दुर्गम मुलखातील आदिवासी माणूस त्या दफ्तरापासून दूरच होता. परंतु दूर असूनही त्याचे धान्य दुकानदाराच्या वहीत मांडले जाई, रोजगार हमीच्या कामावरील त्याची हजेरी मस्टरवर चढे, आणि वही काय किंवा मस्टर काय, दोन्ही साधने काखोटीला मारून डोंगर चढता येत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत या व्यवस्थेचे स्वरूप मुळापासून पालटले. पॉस यंत्रावर अंगठा उमटल्याखेरीज शिधापत्रिकेवरचे धान्य हाती पडत नाही. २०२१ पासून अंगणवाडी सेविकेची नोंदवही पोषण ट्रॅकर नावाच्या मोबाईल प्रणालीत गेली. २०२३च्या १ जानेवारीपासून रोजगार हमीच्या मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा काढून ते मोबाईलवरून रवाना करणे सक्तीचे झाले. आणि निवृत्तिवेतनापासून शिष्यवृत्तीपर्यंत कोणताही लाभ घ्यावयाचा म्हटले की ई-केवायसी आलीच. म्हणजे संपर्क असल्याचे गृहीत धरून शासनाने आपली सेवा आधी बदलली आणि संपर्क पोचवण्याचे काम मात्र मागाहून, सावकाशीने चालवले. या उलट्या क्रमाचा भार कोणाच्या माथी पडला, हे पाहावयाचे असेल तर सातपुड्यातील किंवा भामरागडकडील एखाद्या रेशन दुकानापुढे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उभे राहावे. दुकानात रेंज नाही म्हणून दुकानदार यंत्र घेऊन टेकडीवर जातो, त्याच्यामागून म्हातारी माणसे चढतात, शेतमजुरीने झिजलेला अंगठा यंत्र तीनतीनदा नाकारते, चौथ्या खेपेस तो लागतो तोच सर्व्हर बंद असल्याची सूचना उमटते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी पिशवी घेऊन परत उतरू लागते.

म्हणून आदिवासी भागातील ब्रॉडबँड हा विषय सोयीच्या किंवा करमणुकीच्या सदरात न टाकता, रस्ता, पाणी व दवाखाना यांच्या पंक्तीला बसवून त्याचा विचार झाला पाहिजे. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सव्वानऊ टक्क्यांहून किंचित अधिक आहे. नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर गडचिरोलीत सुमारे ३९ टक्के भरते. पालघरच्या डोंगरपट्टीतील वारली व कातकरी, सातपुड्यातील भिल्ल व पावरा, मेळघाटातील कोरकू, यवतमाळकडील कोलाम, गडचिरोलीतील गोंड व माडिया अशी ही वस्ती विखुरलेली आहे, आणि विखुरलेपण हाच तिचा नियोजनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म आहे. या विषयावरील योजना, कायदे आणि प्रयोग एकापुढे एक ठेवून पाहिले असता प्रस्तुत लेखकाचे असे मत झाले आहे की, या क्षेत्रातील अपयशाचे मूळ तंत्राच्या उणिवेत किंवा पैशाच्या तुटवड्यात जितके आहे, त्याहून अधिक ते मोजणीच्या घटकात आहे. योजना ग्रामपंचायत मोजते. आदिवासी मात्र पाड्यावर राहतो.

हे विधान पटण्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहावा लागेल. गावाला संगणकाने जोडण्याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयोग १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत झाला. तो उसाच्या, सहकारी साखर कारखान्याच्या आणि दूध संघाच्या प्रदेशात झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे वीज होती, रस्ते होते, उसाच्या टनेजची व बिलांची माहिती हवी असलेला संघटित सभासद होता, आणि यंत्रे बिघडली तर ती दुरुस्त करवून घेईल अशी संस्था गावातच होती. त्यानंतर २००२ मध्ये केंद्राने सार्वत्रिक सेवा दायित्व निधी स्थापन केला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के हिस्सा या निधीत जमा व्हावा आणि जेथे धंदा म्हणून कोणी जाणार नाही तेथे सेवा नेण्यासाठी तो खर्चावा, अशी ही तरतूद. २०२३च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले. तत्त्व उत्तम आहे, आणि शहरातील प्रत्येक मोबाईलधारक आपल्या बिलातून अप्रत्यक्षपणे या कामाला हातभार लावीत आला आहे, ही गोष्ट शहरी वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावी. पैसा जमला, तो पुष्कळ काळ पडूनही राहिला.

त्या पैशातून हाती घेतलेले सर्वांत मोठे काम म्हणजे राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत, सुमारे २० हजार कोटी रुपयांत प्रकाशतंतूने जोडावयाच्या, असा तो संकल्प होता. २०१५ मध्ये त्याला भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख पंचायतींचा आकडा गाठण्यास २०१७चा डिसेंबर उजाडला. दुसऱ्या टप्प्यात राज्यांना वाटा देण्यात आला आणि महाराष्ट्राने महानेट या नावाने आपले काम चालवले. २०२१ मध्ये सोळा राज्यांतील गावे खाजगी भागीदारीने जोडण्याची १९ हजार कोटींच्या तूटभरपाईची योजना पुढे आली, पण तिच्या निविदांना बोलीदारच मिळाले नाहीत. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला.

खर्चाचा हा वाढता आकडा पाहून केवळ हळहळण्यापेक्षा आरंभीच्या आराखड्यात चूक कोठे झाली, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. पहिल्या आराखड्याने काटकसर म्हणून असे ठरवले की, तालुक्याच्या केंद्रापासून काही अंतरापर्यंत भारत संचार निगमची जुनी केबल आहेच, तेव्हा तिच्यातील मोकळे तंतू वापरावेत आणि त्यापुढचा पंचायतीपर्यंतचा तुकडा तेवढा नवा टाकावा. ही जोडणी सरळ रेषेतली होती. जुनी केबल ठिकठिकाणी सांधलेली, तिच्यातून प्रकाश क्षीण होत जाणारा. आणि रेषा एकच असल्याने रस्ता रुंद करणाऱ्या मक्तेदाराच्या यंत्राने ती एके ठिकाणी तोडली की त्यापुढच्या साऱ्या पंचायती एकदमच अंधारात जात. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे, त्याला या रचनेत आदिवासी पंचायतीचे स्थान कोणते, हे वेगळे सांगावे लागणार नाही. कारण रेषेच्या शेवटाला असतात त्या धडगावच्या, एटापल्लीच्या, भामरागडच्या, धारणीच्या पंचायती. सुधारित कार्यक्रमाने रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी स्वीकारली, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रवाह चालू राहावा. हा बदल योग्यच आहे.

पण केबल पंचायतीपर्यंत पोचली म्हणजे नेमके काय पोचते? ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी बसवलेली असते. तिच्यात केबलचे टोक, प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतात बदलणारे एक छोटे उपकरण, बॅटरी, आणि छपरावरच्या सौर पट्टीकडून आलेली तार. पेटीला कुलूप. किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवकाकडे दोन-तीन पंचायतींचा कारभार असल्याने तो ठरलेल्या वारीच येणार. कार्यालय बंद असले की पेटी बंद, बॅटरी उतरली की पेटी बंद, पावसाळ्यात पाणी शिरले की पेटी बंद. ती चालू आहे असे धरले, तरी तिच्यातून निघालेला संपर्क त्या भिंतीपाशीच थांबतो. शेजारच्या शाळेत, उपकेंद्रात, अंगणवाडीत तो नेणारी तार कोणी टाकावयाची, तिचे मासिक शुल्क कोणत्या शीर्षाखाली भरावयाचे आणि ती तुटल्यास कोणाला फोन करावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मूळ योजनेत नव्हती. दिल्लीच्या तक्त्यात मात्र ती पंचायत ‘सेवेस सज्ज’ या रकान्यात गेलेली असते.

आता पंचायतीपलीकडची स्थिती पाहू. देशावरच्या बागायती गावात ग्रामपंचायत म्हणजे बहुधा एकच गावठाण, आणि पंचायतीच्या दारापासून शेवटच्या घरापर्यंत हाकेचे अंतर. आदिवासी तालुक्यात तसे नसते. तेथे पुष्कळदा अनेक महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते. त्या प्रत्येक गावाचे पाच-सात पाडे, गडचिरोलीत टोले, मेळघाटात ढाणे. दोन पाड्यांमध्ये कधी नाला, कधी घाट, कधी राखीव जंगल. अशा पंचायतीचे कार्यालय एका पाड्यावर असते आणि उरलेले पाडे त्याच्यापासून कित्येक किलोमीटर दूर पसरलेले असतात. म्हणून ‘पंचायत जोडली’ या विधानाचा अर्थ बागायती तालुक्यात बहुतांशी गाव जोडले असा होतो, तर धडगाव किंवा भामरागड तालुक्यात तो अनेकांतील एक पाडा जोडला, एवढाच होऊ शकतो. एकच मोजपट्टी दोन्हीकडे लावल्याने कागदावर समानता दिसते आणि प्रत्यक्षात विषमता वाढते.

हा दोष एकट्या आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत ५७० हून अधिक मूलनिवासी जमातींना संघीय मान्यता आहे, आणि त्यांच्या राखीव प्रदेशांत ब्रॉडबँड नेण्याचा खटाटोप आपल्याआधीपासून चालू आहे. तेथील दूरसंचार आयोग कंपन्यांकडून अहवाल मागवी आणि त्यांत जनगणनेचा गट हा घटक धरी. त्या गटातील एका घराला जरी सेवा मिळत असली, किंबहुना देता येण्यासारखी असली, तरी संपूर्ण गट सेवायुक्त ठरे. शहरात असा गट म्हणजे चार रस्त्यांमधला तुकडा. वाळवंटी राखीव प्रदेशात तो मैलोगणती पसरलेला. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये स्पष्टच म्हटले की, या पद्धतीमुळे जमातींच्या भूमीवरील सेवेची स्थिती वस्तुस्थितीपेक्षा चांगली दाखवली गेली, आणि या आकडेवारीवर निधीचे वाटप अवलंबून असल्याने ज्यांना तो हवा होता तेच त्यास मुकण्याची भीती निर्माण झाली. २०२० मध्ये कायदा करून घराघरानिशी नकाशा करण्याचे ठरले. तो नकाशा २०२२च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला, आणि त्यातील चूक दाखवून देण्याचा अधिकार जमातींच्या शासनांनाही मिळाला. चुकीच्या नोंदीविरुद्ध दाद मागण्याची ही सोय मला नकाशाहूनही मोलाची वाटते, कारण आपल्याकडे ‘आमची पंचायत सज्ज नाही’ असे सरपंचाने कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात लिहून द्यावे, हे अजून कोणत्याही गावात सर्वज्ञात नाही.

तंत्राच्या निवडीकडे वळताना एक गोष्ट प्रथमच नमूद करावी की, आदिवासी मुलखासाठी कोणते तरी एकच साधन योग्य, असा आग्रह धरणाऱ्यांनी या विषयाचे नुकसान केले आहे. प्रकाशतंतूची क्षमता अमर्याद, परंतु तो जमिनीत पुरण्यासाठी दीड मीटरहून खोल चर लागतो, आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात तो चर खणणे म्हणजे काय, हे खणणाऱ्यालाच ठाऊक. केरळने आपल्या के-फोन योजनेत वीज मंडळाच्या खांबांवरून तंतू नेला. तेलंगणाने पाणीपुरवठ्याच्या जलवाहिन्यांसाठी खणलेल्या चरांतूनच तो टाकला. आपल्याकडे जलजीवन मिशनची नळवाहिनी टाकताना आधी पुरलेली केबल तोडली गेल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. एकाच वर्षी, एकाच रस्त्याच्या कडेला, तीन खात्यांनी तीन वेळा चर खणावा आणि तिसऱ्याने पहिल्याचे काम उद्ध्वस्त करावे, हे टाळण्यास जिल्हाधिकाऱ्याच्या दालनातील एक संयुक्त बैठक पुरेशी आहे.

मनोऱ्यांची कथा निराळी. नक्षलग्रस्त दहा राज्यांत भारत संचार निगमचे दोन हजारांहून अधिक मनोरे २०१४ च्या मंजुरीनंतर उभे राहिले, आणि गडचिरोलीच्या जंगलात पहिल्यांदा फोनवर बोलता येऊ लागले, हा उपकार लहान नव्हे. बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी रुग्णवाहिका बोलावता येणे याचे मोल आकड्यात सांगता येत नाही. परंतु ते मनोरे दुसऱ्या पिढीच्या तंत्राचे होते आणि त्यांतील पुष्कळांची मागची जोडणी उपग्रहावरून, अरुंद वाटेने होती, त्यामुळे बोलणे झाले तरी पॉस यंत्र चालेना. २०२२च्या एप्रिलमध्ये अशा २३४३ मनोऱ्यांना चौथ्या पिढीचे तंत्र देण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये देशातील संपर्कहीन २४ हजार ६८० गावांसाठी २६ हजार ३१६ कोटींची योजना मंजूर झाली. २०२३च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात विशेष असुरक्षित जमातींच्या वस्त्यांवर मोबाईल संपर्क नेण्याचा समावेश आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात. या अभियानाने गावाऐवजी वस्ती हा घटक मानला, ही त्याची सर्वांत स्तुत्य बाब आहे. मात्र मनोरा उभा राहिला म्हणजे तो चालू राहिलाच असे नव्हे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते, डिझेल पोचत नाही, आणि ज्या दिवशी संपर्काची सर्वाधिक निकड त्याच दिवशी तो नाहीसा होतो. मनोऱ्याच्या अंदाजपत्रकात पावसाळी चार महिन्यांची वीज धरलेली नसेल, तर ते अंदाजपत्रक अपुरे समजावे.

तंतू आणि मनोरा यांच्या मधला मार्ग दाखवणारा एक प्रयोग मुंबईच्या आयआयटीने पालघरमध्ये केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बराचसा भाग देशात मोकळाच आहे, आणि या लहरी झाडी व चढउतार ओलांडून दूर जातात. तेव्हा जेथे तंतू संपतो तेथून पुढे पाड्यापर्यंत या लहरींनी संपर्क न्यावा, अशी प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाची कल्पना. खामलोली परिसरातील पाड्यांवर तिची चाचणी झाली, आणि ‘ग्राममार्ग’ या नावाने तिला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे प्रथम पारितोषिक मिळाले. पारितोषिकानंतर जे व्हावयास हवे होते, म्हणजे त्या लहरींच्या व्यापारी वापरास परवानगी, ते झाले नाही. मेळघाटातील हरिसाल या गावाची कथाही याच जातीची. २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून ते गाजले, आणि २०१९च्या निवडणुकीत त्याची खरी स्थिती काय, यावर जाहीर सभांतून वाद रंगला. त्या वादात कोणाचे किती खरे, याचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु एका गावावर सारे लक्ष केंद्रित करून त्याच तालुक्यातील इतर ढाण्यांची आखणी न करणे, ही पद्धतच सदोष आहे. नमुन्याच्या गावाला भेट देणारे पुष्कळ असतात, त्याच्या शेजारच्या गावाला कोणी नसतो.

उपग्रहाविषयी हल्ली फार बोलले जाते. पूर्वीचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे, त्यामुळे संदेशाला जाऊन-येऊन लागणारा विलंब जाणवे. आता सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहमालिकांनी ही अडचण दूर केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांतील शासकीय संस्थांसाठी महाराष्ट्र शासनाने अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. डोंगरात अडकलेल्या आरोग्य उपकेंद्राला किंवा आश्रमशाळेला हा आधार आजच मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा. परंतु परदेशी कंपनीच्या मासिक शुल्कावर चालणारा संपर्क हा कायमचा पाया मानून तंतूचे काम मागे टाकले, तर शुल्काची तरतूद ज्या वर्षी कापली जाईल त्या वर्षी आपण पुन्हा प्रारंभस्थानी येऊ. अमेरिकेत हेच घडले. तेथे गरीब कुटुंबांना दरमहा ३० डॉलर व जमातींच्या भूमीवर ७५ डॉलरपर्यंत सवलत देणारी योजना होती. निधी संपला आणि २०२४च्या जूनपासून ती बंद पडली.

आता कायद्याकडे येतो, कारण मला या विषयात खरी आशा दिसते ती येथे. २००६च्या वनाधिकार कायद्याच्या कलम ३(२) अन्वये शाळा, दवाखाना, रस्ता इत्यादी तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, तिच्यात हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. या तेरांत वीज व दूरसंचाराच्या तारा आहेत. म्हणजे जंगलातून केबल नेण्यास वनखाते आडवे येते ही तक्रार जेव्हा केली जाते, तेव्हा ग्रामसभेपुढे प्रस्ताव ठेवला होता काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. दुसरी गोष्ट पेसाची, म्हणजे पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) कायद्याची. १९९६च्या या केंद्रीय कायद्याचे महाराष्ट्राचे नियम मार्च २०१४ मध्ये झाले, आणि त्यांत एखाद्या पाड्याला किंवा पाड्यांच्या समूहाला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी करता येते, व मग त्याची स्वतःची ग्रामसभा होते. योजनाकाराने जो घटक मानावयास हवा, तो कायद्याने आधीच मान्य केलेला आहे. तिसरी गोष्ट पैशाची. २०१५च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेच्या तरतुदीपैकी पाच टक्के रक्कम अबंध निधी म्हणून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळते. पायाभूत सुविधा हा तिच्या विनियोगाचा एक मान्य विषय आहे, आणि खर्चाचा निर्णय ग्रामसभेचा आहे.

ग्रामसभेला हे तांत्रिक काम पेलेल काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करून, मजुरी चुकती करून, हिशेब ठेवून दाखवला. ज्या सभेला तेंदूच्या फळीचा लिलाव करता येतो, तिला पेटीची किल्ली सांभाळणे, बॅटरीत पाणी घालणे आणि तुटलेल्या केबलची जागा दाखवणे जड जाणार नाही. पाड्यावरचाच दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी सांधे जोडण्याचे काम शिकली, तिच्याकडे दुरुस्तीचे साहित्य असले आणि तिला ठरलेले मानधन वेळेवर मिळाले, तर तालुक्याहून मक्तेदाराचा माणूस येण्याची तीन-तीन आठवडे वाट पाहावी लागणार नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील जमातींनी २००१ पासून हेच केले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीकडून मिळालेल्या पन्नास लाख डॉलरच्या साहाय्याने त्यांनी डोंगरमाथ्यांवर सौर विजेवर चालणारी केंद्रे उभारली, आपल्याच तरुणांना ती चालवण्यास शिकवले, आणि ते जाळे अनुदान संपल्यावरही टिकले. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी वसलेल्या हवासुपाई जमातीच्या सुपाई गावात टपाल आजही खेचरांच्या पाठीवरून उतरते, तेथेही २.५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरण्याची परवानगी मिळवून संपर्क पोचवला गेला. २०२० मध्ये तर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या लहरींचा लिलाव करण्यापूर्वी सात महिने केवळ जमातींसाठी अर्ज खुले ठेवले, आणि चारशेहून अधिक अर्ज आले. आपल्या भूमीवरच्या आकाशलहरींवर पहिला हक्क आपला, हे तत्त्व त्या जमातींनी तेथे प्रत्यक्षात आणले. भारतात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रासाठी तसा विचार अद्याप धोरणाच्या मसुद्यातही आलेला नाही.

संपर्क पोचल्यावर तो कोणत्या भाषेत बोलणार, याबद्दल थोडक्यात सांगितले पाहिजे. शासनाची बहुतेक संकेतस्थळे मराठी व इंग्रजीत आहेत. माडिया, पावरी, कोरकू बोलणाऱ्या वृद्ध माणसाला त्यांतील मजकूर वाचून दाखवणारा कोणी तरी लागतो, आणि तो पुष्कळदा पैसे मागतो. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर या उपक्रमाने साध्या फोनवरून गोंडीत तक्रार नोंदवण्याची व ती ऐकण्याची सोय केली. तीत वाचता येण्याची अट नव्हती. सेवेचा आराखडा करताना आवाजाचा हा मार्ग धरला, तर कमी क्षमतेच्या संपर्कावरही पुष्कळ काम निभावते.

सुधारित भारतनेटमध्ये देखभालीची दहा वर्षांची जबाबदारी बांधकाम करणाऱ्या कंपनीवरच टाकली आहे, उरलेल्या सुमारे ४२ हजार पंचायती जोडावयाच्या आहेत, आणि पंचायतींपलीकडच्या ३ लाख ८४ हजार गावांना ‘मागणीनुसार’ जोडणी देण्याचे ठरले आहे. या शेवटच्या शब्दावर आदिवासी मुलखाचे सारे भवितव्य अवलंबून आहे. मागणी करावयाची ती कोणी, कोणाकडे आणि कोणत्या मुदतीत? ज्या वस्तीवर संपर्क नाही तिने संकेतस्थळावर अर्ज भरावा, अशी व्यवस्था झाली तर तो अर्ज कधीच भरला जाणार नाही. म्हणून पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव हाच मागणीचा अधिकृत अर्ज मानावा, तो तहसीलदाराच्या कचेरीत कागदावर स्वीकारून त्याची पोच द्यावी, प्रत्येक ठरावास क्रमांक देऊन त्याची यादी पंचायत समितीच्या फलकावर लावावी, आणि ज्या पाड्यावर संपर्क पोचलेला नाही तेथे पॉस यंत्राचा अंगठा, छायाचित्राची हजेरी व ई-केवायसी यांची सक्ती लेखी हुकुमाने स्थगित ठेवून वही व मस्टर चालू ठेवावे.